'द क्रूसिबल': मेरी वॉरन खोटं बोलते की तिला खरंच तसं वाटतं?

रंगीततालीम

नाटकवाले आणि इतिहासवाले, दोघांचाही सल्ला हवाय.

आमच्या गटाने आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' बसवायला घेतलंय. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १६९२ साल, मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. काही मुली रात्री जंगलात नाचताना पकडल्या जातात, त्यातली एक अंथरुणाला खिळते, चेटूक झाल्याची आवई उठते आणि बघता बघता मुली ज्याचं नाव घेतील तो तुरुंगात जाऊ लागतो. मिलरने हे १९५३ साली रंगभूमीवर आणलं, अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढायची मोहीम जोरात होती तेव्हा.

मला मेरी वॉरन मिळाली आहे. जॉन प्रॉक्टर नावाच्या शेतकऱ्याच्या घरची मोलकरीण. अ‍ॅबिगेल (मुलींची म्होरकी) हुकली म्हणून पहिल्या वाचनाला थोडी खट्टू होते, पण दुसरा अंक वाचल्यावर ते गेलं.

आता अडचण. आमचा दिग्दर्शक म्हणतो, मेरी लबाड आहे. सगळ्याच पोरी लबाड, ठरवून झटके आणतात. तू फक्त पकडलं जाण्याची भीती खेळ, बाकी काही शोधत बसू नकोस.

मला हे पटत नाही. दुसऱ्या अंकात ती कोर्टातून घरी येते आणि सेरा गुडबद्दल सांगते. ही बाई दारात येऊन भाकरी आणि सायडर मागायची, रिकाम्या हाती पाठवली की काहीतरी पुटपुटत जायची, आणि एकदा ती गेल्यावर मेरीच्या पोटात दोन दिवस कळा येत होत्या. हे तिला इतके दिवस आठवलंही नव्हतं. कोर्टात ती बाई समोर आली तेव्हा पाठीवरून गारठा चढला, गळा आवळल्यासारखा झाला, कुणीतरी किंचाळतंय असं ऐकू आलं आणि मग कळलं की तो आपलाच आवाज आहे. हे ती घरात सांगते! तिथे ना न्यायाधीश, ना बाकीच्या पोरी. मग कुणासाठी खोटं बोलेल?

तिसऱ्या अंकात मात्र हीच मेरी सगळं ढोंग होतं अशी साक्ष द्यायला येते. कोर्ट म्हणतं, मग आत्ता बेशुद्ध पडून दाखव. तिला पडता येत नाही. ढोंगच होतं तर का येत नाही? आणि पुढे, छतात पक्षी दिसतोय म्हणून मुली ओरडतात त्या प्रवेशात, ती पुन्हा उलटते.

म्हणजे तीन जागी तीन मेरी. अ‍ॅबिगेलचं सोपं आहे, तिला प्रॉक्टर हवाय. हिला काय हवंय?

निखारा

दिग्दर्शकाचं ऐक. संहितेत ती स्वतः कबूल करते की ढोंग होतं. लेखकाने पात्राच्या तोंडी घातलंय त्यावर आपण कशाला मानसशास्त्र रचायचं? आणि शेवटी ज्यांना फासावर चढवलं ती माणसं खरी होती हो. या पोरींना 'बिचाऱ्या, त्यांना तसं वाटत होतं' म्हणून सोडून द्यायला माझं मन धजत नाही.

सहजचफिरता

राय नावाच्या धान्यावर बुरशी येते, ती खाल्ली की भास होतात आणि हातपाय आखडतात. सेलमला तेच झालं होतं असं वाचलंय. मग हेतूबितूचा प्रश्नच मिटला ना?

विंगेतली

@सहजचफिरता, ती कल्पना १९७६ साली मांडली गेली आणि त्याच वर्षी तिला सविस्तर उत्तरही मिळालं. त्याच घरात तीच भाकरी खाणारे बाकीचे लोक ठणठणीत राहतात, आणि आरोपी खोलीत आला की झटका येतो, त्याने हात लावला की थांबतो. बुरशीला कोर्टाच्या वेळा कळत नाहीत.

@रंगीततालीम, मी या नाटकात एकदा एलिझाबेथ, म्हणजे प्रॉक्टरची बायको, केली आणि नंतर बऱ्याच वर्षांनी ते बसवलंही, त्यामुळे माझी मतं जरा ठाम आहेत. ती तेवढी चालवून घे.

पहिल्या अंकात परत जा. मेरी धापा टाकत येते आणि म्हणते, खरं सांगून टाकू या, नाचल्याबद्दल फार तर फटके बसतील, चेटकाला फाशी असते. त्यावर त्या मुलींतलीच मर्सी लुईस तिची टर उडवते, की तू काय, नुसतं लांबून बघायला मोठी शूर! हे वाक्य अधोरेखित करून ठेव. जंगलात ती नाचली नाही, कढईभोवती फिरली नाही, ती बघत होती. मेरी ही बघणारी मुलगी आहे. घरातही तिला कुणी मोजत नाही. कामाला उशीर झाला की मालक चाबूक काढतो.

आणि अशा मुलीकडे कोर्टात एके दिवशी सगळे बघू लागतात. मोठमोठे न्यायाधीश तिच्या तोंडाकडे बघत थांबतात.

दुसऱ्या अंकात ती घरी येते ती ही चव घेऊन. अंगात त्राण नाही, मध्येच रडायला येतं, पण 'मी आता कोर्टाची माणूस आहे' हे सांगायला चुकत नाही. प्रॉक्टर चाबूक उगारतो तेव्हा ती काय करते बघ. आज कोर्टात एलिझाबेथचं नाव निघालं होतं, ते मी खोडून काढलं, तिचा जीव मी वाचवला, असं सांगते. आणि चाबूक खाली येतो. या घरात तिच्या एका वाक्याने मालकाचा हात खाली येण्याची ही पहिलीच वेळ असावी. त्यानंतर ती म्हणते, यापुढे मला झोपायला जा म्हणून हुकूम सोडायचा नाही, मी अठरा वर्षांची बाई आहे. तुला हेतू हवा होता ना? हा घे. तिला मोजलं जायचंय.

आता तुझा मूळ प्रश्न, खरं की खोटं. तू आणि तुझा दिग्दर्शक दोघंही असं धरून चाललाय की हेतू असेल तर ढोंग आणि उन्माद असेल तर हेतू नाही. या नाटकात ते तसं वाटून दिलेलंच नाही. मेरीचं अंग खरंच गार पडतं आणि त्याच वेळी त्या गार पडण्यातून तिला काहीतरी मिळतंही. सेरा गुडची आठवण घे. पोटदुखी खरी असणार, पुटपुटणं खरं असणार. दोन्ही वेगवेगळ्या जागी पडून होतं, त्यांचा सांधा कोर्टाने जोडून दिला. पुढे न्यायाधीश सेरा गुडला विचारतात, काय पुटपुटत होतीस? ती म्हणते, बायबलमधल्या दहा आज्ञा. मग म्हणून दाखव म्हटल्यावर तिला एकही सांगता येत नाही, आणि मेरीच्या दृष्टीने झाला पुरावा. ती हे सांगते तेव्हा तिच्या आवाजात लबाडी नको, हुशार विद्यार्थिनीचं समाधान हवं. 'बघा, पक्का पुरावा!' असं. प्रेक्षक त्याने जास्त हादरतो, हे मी दोन्ही तऱ्हेने करून घेतलंय म्हणून सांगते.

बेशुद्ध पडण्याचा प्रसंग त्यामुळेच अवघड नाही. ढोंग होतं म्हणते, मग आता का जमत नाही? कारण उत्तर ती स्वतःच देते: बाकीच्या मुली किंचाळत होत्या, आणि साहेब, तुमचा त्यांच्यावर विश्वास बसलेला दिसत होता, मग मलाही दिसतंय असं वाटलं. आत्ता कुणी किंचाळत नाहीये, समोरचे संशयाने बघतायत. झोपेत घोरणाऱ्या माणसाला उठवून 'मगाससारखं घोरून दाखव' म्हणावं तसली ती मागणी आहे. ते वाक्य न्यायाधीशाला उद्देशून आहे हे विसरू नकोस. झटका एकट्या मुलीचा नाही, ऐकणाऱ्याचाही आहे. बहुतेक प्रयोगांत त्या वेळी सगळा प्रकाश मेरीवर असतो, मला तर वाटतं तेव्हा तो न्यायाधीश, डॅनफर्थ, दिसला पाहिजे.

आणि त्या डॅनफर्थलाही काहीतरी हवंय. तो स्वतः सांगतो, माझ्या सहीने चारेकशे माणसं तुरुंगात आहेत आणि बहात्तर जणांना फाशी ठोठावली आहे. आता ही मोलकरीण येऊन म्हणते की सगळं खोटं होतं. ते खरं मानलं तर त्या बहात्तर सह्यांचं काय करायचं? चौथ्या अंकात बारा जण आधीच लटकावलेले असतात, त्यामुळे तेराव्याला माफ करणं म्हणजे बाराजणांवर अन्याय, असा त्याचा हिशेब. त्या माणसाला भास होत नाहीत, झटके येत नाहीत, डोकं थंड आहे, आणि उन्मादाला सगळ्यात जास्त दिवस जगवतो तोच. अ‍ॅबिगेलपेक्षा मला त्याचीच भूमिका जास्त भीतिदायक वाटत आली आहे.

मोठ्यांकडेच बघायचं तर पहिल्या अंकातली नावं कुणाच्या तोंडून येतात ते तपास. पाद्र्याच्या घरच्या गुलाम टिटूबाला फटक्यांची आणि फाशीची धमकी मिळते, ती 'सैतान दिसला' म्हणते, पण नाव घेत नाही. 'सेरा गुड होती का? ऑसबर्न?' हे सुचवतो गावातला श्रीमंत जमीनदार टॉमस पटनम. आणि ऑसबर्नचं नाव येताच त्याची बायको ओरडते, मला माहीतच होतं, तीन बाळंतपणांना तीच सुईण होती! सात मुलं गेली आहेत त्या बाईची. तिला जमीन नको, सत्ता नको, तिला कुणीतरी कारण द्यायला हवंय. पटनमला मात्र जमीन हवी आहे, तिसऱ्या अंकात गावातला म्हातारा शेतकरी जाइल्स कोरी तेच ओरडून सांगतो, की आरोपीची जमीन जप्त झाली तर ती विकत घ्यायला एवढा पैसा फक्त पटनमकडे आहे. प्रत्येकाची गरज वेगळी आणि बोट एकाच बाईकडे. ऑसबर्न म्हातारी आहे, तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, एवढंच तिचं क्वालिफिकेशन.

@निखारा, मी त्यांना सोडून देत नाहीये. मेरीला लबाड केलं की प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण तो स्वतः लबाड नसतो. मला तो निर्धास्त नकोय.

निखारा

मुद्दा कळला. पण मग अ‍ॅबिगेललाही हेच लावणार का? तिने तर स्वतःच्या पोटात सुई खुपसून घेतली. तिथे कसला आलाय उन्माद.

विंगेतली

नाही, अ‍ॅबिगेल ठरवून करते. ती पहिल्याच अंकात पोरींना धमकावते की तोंड उघडलंत तर काळ्या रात्री येईन तुमच्याकडे, आणि आपल्या आईबापांची डोकी शेजारच्या उशीवर ठेचताना आपण पाहिलीत हे सांगते. तिने भीती जवळून पाहिली आहे, म्हणून ती कशी वापरायची ते तिला कळतं. चौथ्या अंकात वारं फिरलेलं दिसताच काकाची पेटी फोडून एकतीस पाउंड घेऊन पसार होते. मेरी पळून गेली असती? तिला कुठे जायचं तेही सुचलं नसतं. एकाच कोर्टात दोघी एकच किंकाळी मारतात आणि आतून दोघींचं वेगळं चाललेलं असतं.

जुनेकागद

इतिहासाच्या बाजूने भर घालतो. यात मेरी वॉरन करणाऱ्याला सोनं आहे.

खरी मेरी वॉरन साधारण वीस वर्षांची होती आणि प्रॉक्टरकडेच कामाला होती. तिला झटके येऊ लागल्यावर प्रॉक्टरने तिला चरख्याशी जखडल्यासारखी बसवली आणि झोडपून काढायची धमकी दिली, तेव्हा झटके थांबले. तो घराबाहेर गेला तशी पुन्हा सुरू. हे त्याच्याच तोंडून ऐकल्याची एका शेजाऱ्याची साक्ष मार्च १६९२ ची आहे. पुढे बरं वाटलं म्हणून तिने देवाचे आभार मानणारी चिठ्ठी प्रार्थनामंदिरात लावली. आणि बाकीच्या मुली खोटेपणा करतात असंही ती बोलून गेली. झालं, एप्रिलमध्ये त्या मुलींनी तिच्यावरच आरोप केला. १९ एप्रिलला ती चौकशीसाठी उभी राहिली, तिथेच तिला झटके आले, पुढे तिने कबुली दिली आणि परत साक्षीदारांच्या रांगेत जाऊन बसली. मालकाविरुद्धही साक्ष दिली. मिलरचा तिसरा अंक उगाच आकाशातून पडलेला नाही.

प्रॉक्टर-अ‍ॅबिगेल प्रकरण मात्र पूर्ण काल्पनिक. खरी अ‍ॅबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती आणि जॉन प्रॉक्टर साठीचा, खाणावळ चालवणारा माणूस. मिलरने तिचं वय वाढवलं, त्याचं उतरवलं. माझ्या मते यात नाटकाचा फायदा झाला आणि इतिहासाचा थोडा तोटा, कारण लोक आता समजतात की सगळं एका प्रेमभंगातून घडलं. प्रत्यक्षात उत्तरेकडच्या सरहद्दीवर युद्ध चालू होतं, तिथून पळून आलेली, आईबाप मारले गेलेली मर्सी लुईससारखी मुलगी आरोप करणाऱ्यांत होती, गावात पाद्र्याच्या पगारावरून आणि जमिनीच्या हद्दींवरून भांडणं मुरलेली होती.

हेतूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. कबूल करून त्या कबुलीवर टिकून राहणाऱ्याला फाशी झाली नाही. नाकारणारे गेले. एकोणीस जण फासावर, आणि म्हातारा जाइल्स कोरी आपली बाजू मांडायला नकार देत राहिला म्हणून अंगावर दगड रचून मारला, १९ सप्टेंबर १६९२ ला. तुरुंगात मेले ते वेगळे. अशा व्यवस्थेत कबुली देणं हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग, आणि कबुली खरी वाटावी म्हणून आणखी नावं द्यावी लागतात. यादी वाढत जाते त्याला पोरींचा उन्माद पुरेसा नाही, मोठ्यांचा व्यवहारही लागतो.

नाटकात सेरा गुड कबुली देऊन वाचलेली सांगितली आहे. खरी सेरा गुड शेवटपर्यंत नाही म्हणाली आणि १९ जुलैला फासावर गेली. तुझं ते दहा आज्ञांचं भाषण म्हणताना हे डोक्यात असू दे.

विंगेतली यांचा ऐकणाऱ्याबद्दलचा मुद्दा कागदपत्रांतही दिसतो. आरोपीचं पिशाच्च येऊन मला चावतंय, ही साक्ष कोर्ट ग्राह्य धरत होतं. ते पिशाच्च साक्षीदाराशिवाय कुणाला दिसत नाही, त्यामुळे उलटतपासणी कसली करणार? गव्हर्नर फिप्सने ऑक्टोबरमध्ये ते कोर्ट मोडलं. जानेवारी १६९३ मध्ये नवं कोर्ट बसलं, त्याने पिशाच्चांची साक्ष नाकारली आणि बहुतेक सगळे सुटले. मुली त्याच होत्या.

आणि पटनमांची मुलगी, खरी अ‍ॅन, १६९२ ला बाराएक वर्षांची. १७०६ मध्ये तिने चर्चमध्ये माफी मागितली. त्यात ती म्हणते की निरपराधांचं रक्त सांडलं, पण राग किंवा वैर म्हणून केलं नाही, सैतानाने भूल घातली. खोटं बोलले असं ती म्हणत नाही. चौदा वर्षांनंतरही नाही.

रंगीततालीम

चरख्याचं वाचून अंगावर काटा आला. हे सगळं दिग्दर्शकाला वाचायला दिलं. त्याचं म्हणणं, 'ठीक आहे, पण पक्ष्याच्या प्रवेशात ती उलटते तिथे मला एक क्षण दिसला पाहिजे. निर्णय कुठे घेते?' मला तो सापडत नाहीये. वर छतात पिवळा पक्षी बसलाय म्हणून अ‍ॅबिगेल ओरडते, मी जे बोलेन तेच सगळ्या जणी बोलतात, मी थांबा म्हणते तर त्याही थांबा म्हणतात. तालमीत मी नुसती आवाज चढवत जाते आणि शेवटी कर्कश होतं.

विंगेतली

निर्णय शोधू नकोस, नाहीये तो तिथे. तिची वाक्यं एकेक करून काढून घेतली जातायत. प्रत्येक वेळी ती काही म्हणते आणि तेच तिला परत मिळतं, तेव्हा पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा लहान कर, मोठं नको. आवाज पोरींचा चढू दे, तुझा उतरू दे. पोरींना सांग, वेडावून दाखवल्यासारखं बोलू नका, अगदी सरळ, तिच्याच सुरात बोला. मिलरने त्याच गदारोळात डॅनफर्थची धमकी ठेवली आहे: कबूल कर नाहीतर फासावर जाशील. आणि दुसऱ्या बाजूने प्रॉक्टर तिला धरायला जातो, देवाचं नाव घेऊन धीर देतो. एकीकडे फास, एकीकडे देव, आणि समोर आपल्या वयाच्या सगळ्या मुली एका रांगेत, आपल्याला सोडून. अठरा वर्षांच्या पोरीने कुठे जावं अशी अपेक्षा आहे तुझ्या दिग्दर्शकाची?

ती प्रॉक्टरला सैतानाचा माणूस म्हणते ते वाक्य आरोप म्हणून टाकू नकोस. त्याचा हात झटकायचा आहे एवढंच धर. खरं काम पुढच्या ओळीत आहे, अ‍ॅबिगेलला ती म्हणते की मी तुला पुन्हा कधी दुखवणार नाही. अ‍ॅबिगेल हात पसरून तिला जवळ घेते. तिथे दोन-तीन श्वास थांब. पहिल्या अंकापासून तिला कुणी जवळ घेतलेलं नाही. ती कुशीत शिरते तेव्हा तिला बरं वाटलं पाहिजे, आणि तुझ्या अ‍ॅबिगेलने तेव्हा मेरीकडे न बघता मेरीच्या डोक्यावरून प्रॉक्टरकडे बघावं.

रंगीततालीम

हे आजच करून बघते. लहान करत जाणं सुचलंच नव्हतं.

एक शेवटचं. दुसऱ्या अंकात मी एलिझाबेथला कोर्टात बसून शिवलेली बाहुली देते. नंतर त्यातच सुई सापडते, अ‍ॅबिगेलच्या पोटातल्या सुईचा आळ एलिझाबेथवर येतो आणि तिला पकडतात. देताना काही सूचित करायचं का? दिग्दर्शक म्हणतो, जरा अडखळ.

विंगेतली

अजिबात नाही. तिने वेळ घालवायला बाहुली शिवली, सुई हरवू नये म्हणून आतच खोचली, आणि मालकिणीला देऊन टाकली, कारण तिला घरात जरा बरं स्थान हवंय. आज त्या मालकिणीला वाचवून आली आहे ना ती. अडखळलीस तर पुन्हा तीच लबाड मेरी झाली. जमलं तर तालमीच्या काळात एक बाहुली स्वतः शीव, मग सुई खोचायची सवय हाताला लागेल. एलिझाबेथ करणारीला सांग, ती घेताना थोडं अवघडून घे, तिला बाहुली नकोय. कोर्टाचा माणूस चीव्हर सुई बाहेर काढेल तेव्हा प्रेक्षकाला सगळं कळेल, तो भाग त्याचा.

जुनेकागद

+१. आणि बाहुली फार सुबक नको. मोलकरणीने खटल्याच्या गोंधळात शिवलेली आहे.